सात पाऊण सव्वापाच

पनवेलच्या एसटी स्टँडवर एक वाहतूक नियंत्रक होते. ते मला बरीच वर्षं खात्यातलीच बाई समजत होते. अलिबागची गाडी नऊला असली की मी साडेसहाला बाकावर हजर. झाडूवाली बाकाखालचा केर काढायची तेव्हा मी दोन्ही पाय वर उचलून धरायची, आणि तीही माझ्याशी घरच्यासारखं बोलायची. एकदा नियंत्रकांनी विचारलं, "बाई, तुमची नेमणूक कुठल्या डेपोला?" मी म्हटलं, "मी प्रवासी आहे." त्यांना ते काही पटलं नाही. प्रवासी गाडी सुटल्यावर धावत येतात, असा त्यांचा जन्माचा अनुभव होता.

लग्नकार्यातही तेच. गोरज मुहूर्ताला मी दुपारी बारा वाजता. मांडववाले तेव्हा बांबू रोवत असायचे. दोन लग्नांत त्यांनी मला दोरीचं टोक धरायला लावलं, आणि मी धरलं, कारण नुसतं बसण्यापेक्षा ते बरं. माझ्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. मला बघायला पाहुणे अकराला यायचे होते. मी सकाळी सहालाच साडी नेसून, वेणीफणी करून पाटावर तयार. पाहुणे आले तोवर मला बसल्या जागी डुलकी लागली होती. "मुलगी शांत स्वभावाची दिसली, म्हणून होकार दिला," असं आमचे हे पुढे चारचौघांत सांगत. बिचारे फसले.

बाळंतपणासाठी मी तीनदा दाखल झाले. बाळंतपण एकच. दुसऱ्या वेळी परत पाठवताना नर्सबाई म्हणाल्या, "आता दुखायला लागल्याशिवाय आलात तर मी दाराची कडी काढणार नाही." मग खरोखर दुखायला लागलं तेव्हा मी त्या रागावतील म्हणून घरीच बसून राहिले. मुलगी टांग्यात झाली नाही, एवढंच नशीब.

घड्याळाची मी अशी गुलाम, आणि तरी मी कधी कुणाला वेळ सांगत नसे. रस्त्यात कुणी विचारलं, "बाई, किती वाजले?" की मी मनगट पुढे करायची. "तुम्हीच बघा." लोक म्हणत, मास्तरीण शिष्ट आहे. मी मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. पावकी झाली, निमकी झाली, की पाऊणकीची पाळी यायची, म्हणजे पाऊणचा पाढा. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. तो आठवडा जवळ आला की मी शेजारच्या वर्गाच्या बाईंना गळ घालायची, "तुम्ही माझ्या मुलींची पाऊणकी घ्या, मी तुमच्या मुलींची कवायत घेते." भर उन्हात मी पन्नास मुलींना डावं-उजवं करवत असे, आणि खिडकीतून पाऊणकी ऐकू यायला लागली की आवाज चढवत असे. पुढे नवे पैसे आले, दशमान पद्धत आली आणि पाऊणकी शाळेतून गेली. जुने मास्तर हळहळले. त्या निर्णयाने सुखी झालेली सगळ्या पनवेलमध्ये मी एकटीच असेन.

हसून सोडून देण्यासारखं एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. बाकावर पाय वर करून बसलेली असताना माझ्या छातीत धडधडत असे. तळहातांना घाम, जीभ कोरडी. गाडी समोर उभी असायची, तिच्यावर पाटी असायची, आणि ती मला सोडून जाणार अशी माझी खात्री असायची. कधी कधी सलग चार-चार दिवस मला उठवतच नसे. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं, आणि कुणी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणायचं. हे म्हणत, "आज आमच्याकडे ढगाळ आहे." डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, मन रमवा. टॉनिकची बाटली दिली. मन रमावं म्हणून मी विणकाम घेतलं, आणि दिवाळीचा स्वेटर मेमध्ये पुरा केला.

डॉक्टरांना मी खरं कारण सांगितलं नाही. ते मला पक्कं माहीत होतं. नऊ वर्षांची असताना मी एक हिशेब चुकवला होता, आणि त्यापायी माझ्या आईला माझ्या वडिलांचं शेवटचं दर्शन झालं नव्हतं. आई त्याबद्दल मला कधी एक अक्षर बोलली नाही. तिने मला मनातून माफ केलंय की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. आणि तेवढंच विचारायची माझी छाती होत नव्हती.

ते लढाईचे दिवस होते. वडील मुंबईला एका छापखान्यात होते. तिथेच चार जणांत एक खोली घेऊन राहायचे, खानावळीत जेवायचे आणि पंधरा दिवसांनी पनवेलला यायचे. पेट्रोल मिळत नव्हतं. कोळशाच्या गॅसवर चालणारी एक मोटार सकाळी ठाण्याच्या बाजूला जायची, तीही तिची मर्जी असेल तर. एरवी मुंबईला जायचं ते खाडीतून, पनवेल बंदरावरून मचव्याने. मचवा शिडाचा. तो भरतीच्या पाण्यावर सुटायचा आणि ओहोटीबरोबर बाहेर पडायचा. भरती चुकली की मग खाली नुसता चिखल.

भरतीची वेळ काढायची आमच्याकडे एक सोपी रीत होती. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चोक पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहा. थोडंफार इकडेतिकडे होई, पण काम भागे. बंदरावरच्या लोकांना हे न सांगता कळायचं. गावातल्या लोकांना पंचांग बघावं लागे आणि पाढा यावा लागे. माझी पाऊणकी शाळेत पहिली होती. तीसपर्यंत न अडखळता, उलटीसुद्धा. आळीतल्या बायका मुंबईला जायच्या असल्या की खालूनच हाक मारायच्या, "भरती किती वाजता ग?" आणि मी खिडकीतून सांगायची. कुणीतरी मला "भरतीवाली" म्हणायचं. मला तेव्हा वाटायचं, समुद्र माझ्या सांगण्यावरून वर येतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे कुणीतरी त्याच वेळी सांगायला हवं होतं.

एक दिवस सकाळच्या मचव्याने वडिलांची चिठ्ठी आली. "ताप उतरत नाही. दोघी या." मोटार तोवर गेलेली होती. आईने चिठ्ठी वाचली आणि फळीवर ठेवली. फार घाबरलेली दिसली नाही. कारण अशा चिठ्ठ्या याआधी दोनदा आल्या होत्या. एकदा आम्ही धावतपळत गेलो तर वडील खोलीत बसून पत्ते खेळत होते. त्यांना खानावळीच्या आमटीचा कंटाळा आला होता, आणि तसं लिहिण्यापेक्षा ताप लिहिणं त्यांना बरं वाटलं होतं.

आई दुपारी थोडा वेळ कुठेशी बाहेर जाऊन आली. आल्यावर मला म्हणाली, "बघ ग, आज भरती किती वाजता?"

पंचांग माझ्या डोक्यावरच खिळ्याला होतं. मी मान वर केली नाही. भरतीवालीला पंचांग कशाला लागतं? काल षष्ठी होती हे मला माहीत होतं, कारण काल मीच शेजारच्या काकूंना वेळ सांगितली होती. षष्ठीनंतर सप्तमी. मी पाटीवरून नजर न काढता म्हटलं, "सात पाऊण सव्वापाच."

आई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. मग पुष्कळ वेळ आहे. ये, वेणी घालते."

ती दुपार मला फार सुखाची आठवत असे. एरवी आई केस असे करकचून बांधायची की डोळे ताणले जायचे. त्या दिवशी तिने कोमट तेल लावलं, हलक्या हाताने विंचरलं, दोन वेण्या घातल्या. मग मान मागे घेऊन बघितलं आणि म्हणाली, "वाकड्या झाल्या." सोडल्या. पुन्हा घातल्या. मग ट्रंक भरली, आणि भरलेली ट्रंक रिकामी करून पुन्हा भरली. मी तिला पाऊणकी म्हणून दाखवत होते.

पाचला आम्ही बंदरावर पोचलो. धक्क्यावर मचवा नव्हता. लांब वळणावर कांदळाच्या झाडांपलीकडे शिडाचं टोक दिसत होतं. गव्हाणची एक मासळीवाली रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसली होती. ती आईकडे रोखून बघत म्हणाली, "मचवा गेला ना बाय. साडेचारला पानी भरला, पावनेपाचला सुटला."

"आज सप्तमी ना?" मी विचारलं.

"आजबी षष्ठीच हाय," ती हसली. "कालबी षष्ठी, आजबी षष्ठी."

पंचांगात असं होतं. एखादी तिथी दोन दिवस येते, एखादी गळते. म्हणून तर बघायचं असतं. आई ट्रंक खाली ठेवून तिच्यावर बसली आणि शीड दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. मग उठली आणि ट्रंक उचलली.

दुसऱ्या दिवशी मोटारीने ठाण्याला, मग आगगाडीने आम्ही मुंबईला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. वडील पहाटेच गेले होते. विषमज्वर होता. ह्या वेळी ताप खरा होता. खोलीतले एक गृहस्थ आईला म्हणाले, "काल मचव्याने याल म्हणून दाराकडे नजर लावून होते." ते चांगल्या मनाने सांगत होते. माझ्या दोन्ही वेण्यांना लाल रिबिनी होत्या, आणि त्या सोडायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

आईने मला मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुढे कितीदा वाटलं. तिने काहीच केलं नाही. शिवणाचं यंत्र घेतलं, लोकांचे झंपर शिवले, मला शिकवलं. फक्त एक झालं. त्या दिवसानंतर तिने मला भरतीची वेळ कधी विचारली नाही. मुंबईला जायचं असलं की ती शेजारच्या काकूंना विचारायची. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. पंचांगाचा खिळासुद्धा तिने माझ्या डोक्यावरून काढून स्वयंपाकघरात नेला. मी वेण्या स्वतः घालायला शिकले. तिने पुन्हा माझ्या केसांना हात लावला नाही.

तिच्यात एक खोड मात्र नवी आली. तिच्या घरातून कुणी रागावून गेलेलं तिला चालायचं नाही. कल्हईवाला एकदा भांड्यावरून वाद घालून तणतणत निघाला, तर आई गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यामागे तळ्याच्या कोपऱ्यापर्यंत धावली. तो घाबरून पळायला लागला. आळीत यावर फार हसले. मीही हसायची. वय झालं की माणसं चमत्कारिक होतात, असं म्हणायची. ती तेव्हा पस्तिशीची होती, आणि म्हणणारी मी लग्नाला सहा तास आधी जाणारी.

बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. मला गावातच दिली होती, आई दोन आळ्या पलीकडे एकटी राहायची. एका रविवारी घरी पाहुणे जेवायला होते म्हणून मी मासळी आणायला निघाले. अर्थातच मासळीच्या आधी पोचले. बाजारात ओटे नुसते धुतलेले, माणूस नाही. वाट बघत उभी राहिले असते तर छातीत सुरू झालं असतं, म्हणून चालत बंदरावर गेले. किती वर्षांनी गेले असेन. सगळी वाहतूक रस्त्याने व्हायला लागली होती. मचवे एक-दोनच, तेही कौलं आणि मीठ नेणारे. धक्क्यावर एक म्हातारी मासळीवाली पाटी उपडी घालून बसली होती. मला ती ओळखू आली नाही. तिला मी ओळखू आले.

"तू ती मचवा चुकलेली पोर ना गो? झंपरवालीची?"

मी हो म्हटलं. तिथेच विषय बदलायला हवा होता. पण एकोणीस वर्षं मनात साचलेलं तोंडावर आलं. मी म्हटलं, "माझ्यामुळे चुकला. मी आईला वेळ चुकीची सांगितली."

"तू?" म्हातारी म्हणाली. "तुजी आय त्या दिवशी दुपारला इथं येऊन वेल पुसून गेलती. मीच तर सांगितला, साडेचारला पानी भरल, आदी ये. मंग का नाय आली? माना तवापासून वाटतंय, ही का नाय आली?"

मला वाटलं, तिची काहीतरी गफलत होतेय. मग आठवलं. आई दुपारी थोडा वेळ कुठेशी जाऊन आली होती. आल्यावर मला विचारलं होतं. मग कोमट तेल. दोन वेण्या. वाकड्या झाल्या म्हणून सोडल्या. भरलेली ट्रंक पुन्हा भरली.

मासळी राहिली, पाहुणे राहिले. मी तशीच आईच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच विचारलं, "त्या दिवशी तुला वेळ माहीत होती?"

कुठला दिवस, असं तिने विचारलं नाही. सूप खाली ठेवलं.

"होती," ती म्हणाली.

"मग मला का विचारलंस?"

ती तांदळातून बोट फिरवायला लागली. मग म्हणाली, "मी रुसले होते. त्याआधीच्या खेपेला ते भांडून गेले होते, पानावरून उठून. आणि आता ताप म्हणून बोलावतायत. मला वाटलं, पुन्हा पत्तेच खेळत असतील. एक दिवस बघू दे वाट. पण मन तयार होईना. बंदरावर जाऊन वेळही विचारून आले. जावं की न जावं, काही ठरेना. म्हणून तुला विचारलं. म्हटलं, ही बरोबर सांगेल, मग जावंच लागेल. तू सव्वापाच म्हणालीस." तिने तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "तुझं उत्तर चुकलंय हे मला कळलं होतं. मला ते चुकलेलंच हवं होतं."

मला रडू आलं नाही. राग आला. असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही नाही. मी म्हटलं, "एकोणीस वर्षं मी स्टँडवर पाय वर करून बसतेय ती तुझ्या रुसव्यापायी?"

आई गोंधळून म्हणाली, "ते त्यापायी आहे? मला वाटलं, तुला हौस आहे."

हौस! पुढचं काही मला ऐकवेना. मी निघाले. तळ्यापर्यंत आले तर मागे चपलांचा आवाज. आई धावत येत होती. हातात गुळाचा खडा, दुसऱ्या हातात तांब्या, आणि अर्धं पाणी लुगड्यावर सांडलेलं. मी थांबले नाही. कल्हईवाल्यासारखी पळाले मात्र नाही, पण चालण्याचा वेग वाढवला. कोपऱ्यावर ती थांबली. मी वळून बघितलं तेव्हा ती गूळ मुठीत धरून उभी होती. मी घरी गेले.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "चला, म्हणजे तुझी काही चूक नव्हती. आता गाडीच्या वेळेवर गेलं तरी चालेल." पुरुषांना असं सोपं करता येतं. मलाही ते पटलं. पुढच्या आठवड्यात नऊच्या गाडीला मी पावणेनऊला घराबाहेर पडले. टपाल कचेरीशी पोचले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. स्टँडवर गेले तर नियंत्रक खुर्चीवरून उठून आले. "बाई, बरं आहे ना? आज एवढा उशीर?" पुढच्या खेपेपासून मी पुन्हा साडेसहाला जायला लागले. चूक माझी नव्हती हे डोक्याला कळलं होतं. छातीला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

तीन आठवडे मी आईकडे गेले नाही. मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. भाकरी थापताना, वह्या तपासताना, सारखी. नऊ वर्षांच्या पोरीला कळतं का, तिच्या खांद्यावर काय ठेवलंय ते? एकदा तरी बोलायचं होतंस. एकदा म्हणायचं होतंस, तुझं काही चुकलं नाही बाळ. मला तेवढं पुरलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी हे आणि मी कशावरून तरी भांडलो. बहुतेक त्यांच्या उशिरा उठण्यावरून. ते चहा न घेता कामावर निघाले. आणि मी बघते तर मी कपबशी हातात घेऊन रस्त्यावर, त्यांच्यामागे. बशीत चहा सांडतोय, आळी बघतेय. ते कोपऱ्यावर थांबले, तिथेच उभ्याने चहा प्यायले, कपबशी परत दिली आणि म्हणाले, "अगदी आईवर गेलीस."

मी रिकामी कपबशी घेऊन तिथेच उभी राहिले. वडील पानावरून उठून गेले, आणि ती मागे धावली नव्हती. एकदाच धावली नव्हती. त्यानंतर ती कल्हईवाल्यामागे धावली, भाजीवालीमागे धावली, परवा माझ्यामागे धावली. गेली एकोणीस वर्षं ती गूळ घेऊन धावतेय. आणि मी हसत होते. मला माफ केलंय का हे मला तिला विचारायचं होतं. तेच तिला मला विचारायचं असणार, आणि तिचीही छाती होत नसणार.

दुपारी शाळा सुटल्यावर मी तिच्याकडे गेले. ती यंत्रावर बसली होती. मला बघून उठली, आत गेली, चहा ठेवला. मग मी तिच्यापुढे पाटावर जाऊन बसले, पाठ करून, आणि अंबाड्याच्या आकड्या काढल्या. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तेलाची वाटी ठेवल्याचा आवाज आला. करकचून नाही, हळू नाही, कशीतरी वेणी झाली.

"वाकडी झाली," ती म्हणाली.

"राहू दे," मी म्हटलं.

तिने तेलाची वाटी बाजूला सारली. मग माझ्या पाठीमागून तिने विचारलं, "आज भरती किती वाजता ग?"

आम्हाला कुठेही जायचं नव्हतं. मचवा नव्हता, मुंबईला आमचं कुणी नव्हतं. तिथी मला माहीत होती. शाळेत रोज सकाळी फळ्यावर मीच लिहायची. तरी मी बोटांवर पुन्हा मोजलं.

"सात पाऊण," मी म्हटलं, "सव्वापाच." आणि लगेच म्हटलं, "थांब, पंचांग बघून सांगते."

"नको," आई म्हणाली. "तू सांगितलंस ना."

तिने लुगडं बदललं, मी वेणीचा अंबाडा न घालता तशीच निघाले, आणि आम्ही बंदरावर गेलो. पोचलो तेव्हा पावणेचार वाजले होते. खाडीत नुसता चिखल होता आणि चिखलात एक बगळा. धक्क्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

"पाणी यायला दीड तास आहे," मी म्हटलं.

"असू दे," आई म्हणाली. "बस."